एंजलची पिल्लं वाढवायला घेतलेलं सामान: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एंजल या शोभेच्या माशाची जोडी जमली आणि अंडी पडली असं दुकानात सांगितलं, की समोर चार वस्तू येतात: स्पंज फिल्टर, पिल्लांची पेटी, आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) अंडी उबवायची हॅचरी आणि पावडरचं खाणं. हे सगळं मी गेल्या पावसाळ्यापासून पुण्यात घरी वापरतोय आणि त्यातून पिल्लांच्या कितीतरी खेपा मोठ्या झाल्या. मत आधीच सांगतो. पैसे मोजकेच असतील तर ते आर्टेमिया आणि स्पंजवर घाला, पेटीचं नंतर बघू. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लं मरतात ती बहुतेक उपासमारीनं किंवा घाण पाण्यानं. पेटी या दोन्हींवर काहीच करत नाही.

थोडं माशाबद्दल, कारण सामानाची निवड त्यावरच ठरते. आपल्याकडे मिळणारा साधा एंजल हा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड, म्हणजे सिक्लिड या माशांच्या कुळातला. तो उभ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर ओळीनं अंडी चिकटवतो: रुंद पान, पाटीचा दगड, पुष्कळदा फिल्टरचा पाइपसुद्धा. पाणी 27-28 अंशांवर असेल तर दोन ते अडीच दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं लगेच पोहत नाहीत. डोक्यावरच्या चिकट धाग्यांनी ती पानालाच लटकून राहतात आणि शेपट्या सारख्या वळवळवत असतात. पोटाखालच्या पिशवीतला बलक संपेपर्यंत, म्हणजे आणखी चार-पाच दिवस, त्यांना काहीही खायला घालू नका. घातलेलं तळाशी सडतं आणि पाणी बिघडतं.

सगळ्या सिक्लिडांचं असंच असतं असं नाही. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खातात, म्हणून ती वेगळी काढून वाढवणं फार कठीण. आपल्या देशातला नारिंगी क्रोमाइड घ्या. त्याची पिल्लंही आईबापाच्या अंगाला घासून तो स्राव टिपतात. त्याचाच मोठा भाऊबंद म्हणजे गोव्यात ताटात येणारा कालुंदर, केरळचा करीमीन. एंजलचं बरं असं, की पिल्लं पोहायला लागल्या दिवसापासून आर्टेमियाचं ताजं पिल्लू गिळू शकतात. आईबापाशिवाय वाढवायला याहून सोयीचा सिक्लिड नवशिक्याला क्वचितच मिळेल.

आता स्पंज फिल्टर. एअर पंपाला जोडायचा, दोन स्पंजांचा, दोनशे-अडीचशे रुपयांच्या आसपास मिळणारा साधा प्रकार मी घेतला. नळीतून बुडबुडे वर जातात, त्यांच्याबरोबर पाणी वर ओढलं जातं आणि तेवढंच पाणी स्पंजातून आत येतं. ओढ इतकी हळू असते की नुकतं पोहू लागलेलं पिल्लूही आत खेचलं जात नाही. मोटरच्या फिल्टरला जाळी लावा, मोजे चढवा, काहीही करा, हा भरवसा मिळत नाही. स्पंजावर जो बारीक थर जमतो त्यावर पिल्लं दिवसभर चोच मारत असतात, म्हणजे दोन जेवणांच्या मधे थोडंफार खाणंही तिथून मिळतं.

पण नवा कोरा स्पंज पिल्लांच्या टँकमध्ये टाकून उपयोग नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू त्यात बसायला काही आठवडे जातात. म्हणून पिल्लांचा स्पंज माझ्याकडे कायम मोठ्या माशांच्या टँकमध्ये चालू असतो. अंडी पडली की तोच उचलून पिल्लांकडे न्यायचा. धुताना टँकमधून काढलेल्याच पाण्यात, बादलीत, दोन-चारदा पिळायचा. नळाखाली धरला तर क्लोरीननं जीवाणू मरतात. दोन स्पंजांचा फायदा इथेच कळतो: या आठवड्यात एक धुवायचा, पुढच्या आठवड्यात दुसरा. एक तक्रार आहे. त्याच्याबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या चकतीला वजन फारच कमी आहे, तिच्यावर फिल्टर उभा राहत नाही, तरंगतो. मी खाली गुळगुळीत दगड बांधला. जाडसर सिरॅमिकच्या बैठकीचा मिळाला तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

या सगळ्यात पाण्याचाही हात मोठा आहे. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, एंजलला मानवणारं. ज्यांच्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी येतं त्यांनी पीएच तपासूनच पुढे जावं. पीएच सातच्या आसपास असतो तेव्हा अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात असतो आणि तितका विषारी नसतो. पीएच आठच्या पुढे गेला की तेवढीच घाण पिल्लांच्या जिवावर उठते. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा नळाला क्लोरीनचा वास वाढतो. त्या दिवसांत सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातलं अँटी-क्लोरीन, टाकल्याशिवाय पिल्लांचं पाणी बदलू नये. पाणी मी रोज थोडं बदलतो, एअर पंपाच्या बारीक नळीनं सायफन करून, आणि ते पांढऱ्या बादलीत काढतो. पांढऱ्या तळावर चुकून आलेलं पिल्लू लगेच दिसतं आणि चमच्यानं परत सोडता येतं.

आर्टेमियाबद्दल मात्र मी जास्त लिहिणार आहे, कारण फरक तिथेच पडतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येणारी ही अंडी डबाबंद मिळतात. मोठा डबा 454 ग्रॅमचा असतो. आपल्याकडे बरीच दुकानं तोच फोडून पुड्या बांधून विकतात. पावसाळ्यात असल्या पुडीवर विश्वास ठेवू नये. अंड्यांना ओल लागली की फुटण्याचं प्रमाण झपाट्यानं घसरतं. मी मित्रांबरोबर वर्गणी काढून डबा घेतो, लहान कोरड्या बाटल्यांत सिलिका जेलच्या पुडीसकट भरतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. वापरातली बाटली एकच, बाकीच्यांची झाकणं उघडायचीच नाहीत.

अंडी उबवायला दोन साधनं वापरली. पहिलं म्हणजे निमुळत्या तळाची उभी हॅचरी, खालून हवा सोडायची. कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगली तरी काम तेच होतं, विकतच्या हॅचरीला फक्त खाली तोटी असते. लिटरभर पाण्याला साधारण 25 ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा (पाणी मऊ असल्यानं पुण्यात तो लागतोच), वर दिवा आणि जोरदार हवा. 28 अंशांना चोवीस तासांच्या आसपास पाणी नारिंगी दिसायला लागतं. थंडीत दीड दिवसही लागतो. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि खालच्या बाजूला टॉर्च धरायची. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात आणि जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तोटीतून पहिली धार फेकून द्यायची, पुढची बारीक जाळीत गाळून गोड्या पाण्यानं धुवायची.

दुसरं साधन हवेशिवाय चालणारी ताटली. गोल, उथळ भांडं, आत कडी, वर काळं झाकण आणि मधोमध उजेडाला भोक. अंडी बाहेरच्या कड्यात टाकायची. फुटलेली पिल्लं उजेडाच्या ओढीनं कडीखालून मधल्या चाळणीत येतात, टरफलं बाहेरच राहतात. रोज इतकं स्वच्छ खाणं हॅचरीतून कधीच मिळालं नाही. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकून ती दगावतात, म्हणून पहिल्या आठवड्यात मी ताटलीच वापरतो. आवाजही नाही, त्यामुळे ती स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कोपऱ्यात खुशाल राहते. मर्यादा एकच: एका वेळी माल थोडा निघतो. दुसऱ्या आठवड्यात पिल्लांची भूक वाढली की ताटली पुरत नाही आणि उभी हॅचरीच लावावी लागते. एकच घ्यायची असेल तर उभी घ्या आणि टरफलं काढायला वेळ द्या.

ताजेपणाचं महत्त्व कितीही सांगितलं तरी कमीच. आर्टेमियाचं पिल्लू फुटतं तेव्हा त्याच्या अंगात बलक भरलेला असतो, तेच आपल्या पिल्लांचं पोषण. जसजसे तास जातात तसतसा तो बलक ते स्वतःच संपवतं. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, शक्य तितकं नुकतं फुटलेलं. टँकजवळ वाकून बघा: एंजलचं पिल्लू झटके देत पोहणाऱ्या ठिपक्याकडे वळतं, शरीर वाकवून क्षणभर थांबतं आणि झडप घालतं. पाच मिनिटांत पारदर्शक अंगातून नारिंगी पोट दिसायला लागतं. ज्यांचं पोट नारिंगी दिसत नाही त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. असं डोळ्यांना दिसणारं मोजमाप दुसऱ्या कुठल्याही खाण्यात मिळत नाही, आणि आर्टेमियावर माझा जीव आहे तो यासाठीच.

उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना उपाय अजूनही सुचवला जातो. पिल्लं खातात, पण निम्मा बलक पाण्यात विरघळतो आणि संध्याकाळपर्यंत काचेला दुधाळ झाक येते. मायक्रोवर्म, म्हणजे बारीक कृमी, घरी सहज वाढतात, पण ते तळाशी जातात आणि एंजलची पिल्लं मधल्या थरात टिपतात, त्यामुळे बरेचसे वाया. पावडरचं खाणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, आर्टेमियाच्या आधी आणि भुकेल्या पोटी द्यावं, म्हणजे सवय लागते. त्याआधी त्यात पैसे घालू नयेत.

पेटीचं थोडक्यात. टँकच्या आत लटकणारी जाळीची पेटी मी बाद केली. तळाशी घाण साचते, ती काढायला हात जात नाही आणि बाहेरचे मासे जाळीतून टोचतात. टँकच्या बाहेरून टांगायची, हवेनं पाणी ओढणारी पेटी मात्र अंडी आणि लटकती पिल्लं ठेवायला उत्तम. पाणी आणि तापमान मोठ्या टँकचंच मिळतं, पांढरी पडलेली अंडी वेचता येतात. पिल्लं पोहायला लागण्याच्या आदल्या दिवशी बाहेर जायच्या फटींना स्पंजाचा तुकडा लावा, नाहीतर ती तिथून मोठ्या टँकमध्ये जातात. आणि पोहू लागली की तिथून हलवाच, तेवढी जागा त्यांना पुरत नाही. माझी पिल्लं दोन फुटी, तळात काहीही नसलेल्या टँकमध्ये जातात. सुरुवातीला पाणी अर्धंच भरतो, म्हणजे खाणं शोधायला लांब जावं लागत नाही. महिन्याभरात पाठीचे आणि खालचे पर उंच होऊन एंजलचा आकार येतो. तेव्हा दाटी झाली असेल तर दोन टँकांत वाटणी करायची, कारण दाटीत आणि घाणीत पोटाखालचे लांब पर आखूड किंवा वाकडे राहतात आणि ते पुढे सुधारत नाहीत. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की दुकानदार आनंदानं घेतात.

हीटर घ्याल तेव्हा सोबत वेगळा थर्मामीटर घ्याच. माझ्या हीटरवरचा आकडा आणि पाण्याचं तापमान दोन अंशांनी वेगळं निघालं. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत हीटरशिवाय पिल्लांची वाढ खुंटते, एप्रिल-मेमध्ये तो काढून ठेवायचा आणि हवा वाढवायची, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी.

शेवटची वस्तू दुकानात कुणी स्वतःहून सुचवत नाही: वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप. स्पंज फिल्टर हवेवरच चालतो. हवा थांबली की पिल्लांचा ऑक्सिजन थांबतो आणि स्पंजातले जीवाणूही गुदमरायला लागतात. गुरुवारच्या दुरुस्तीच्या वीजबंदीत माझा पंप सहज दुपार काढतो. तो टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, म्हणजे बंद पडला तरी नळीतून पाणी उलटं येत नाही. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम प्लग काढून बघा, बॅटरी किती वेळ टिकते ते.