घरी येऊन बाळाचं रक्त घेणारी लॅब : हाताला पाच तारे, रिपोर्टला एक

तान्ह्या नातीच्या काविळीच्या तपासणीचं सॅम्पल घ्यायला आलेल्या मुलाचं आधी कौतुक करते. मी नवजात वॉर्डात नर्स म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे या बाबतीत माझं समाधान सहजासहजी होत नाही. त्याने नातीचा पाय आधी कोमट फडक्यात गुंडाळायला लावला, टाचेच्या कडेला टोचलं आणि रक्त आपसूक गळू दिलं. टाच पिळली की तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ते एक एन्झाइम) सॅम्पलमध्ये उतरतं आणि लिव्हर ठणठणीत असलं तरी आकडा फुगतो. ट्यूब लगेच फॉइलमध्ये, कारण उजेडात बिलीरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, घटतं. "आजी, तुम्ही असं टक लावून बघू नका," म्हणाला. हात मात्र स्थिर होता.

रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला आणि घरात रडारड. जीजीटी 118, एसजीओटी 58, अल्कलाइन फॉस्फटेज 310, लिव्हरच्या तपासणीतली ही तिन्ही एन्झाइम लाल अक्षरांत. शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची! जीजीटी 55 पर्यंत, एसजीओटी 40 पर्यंत. फॉर्मवर बाळाचं वय दिवसांत लिहिलं होतं, ते वाचलं कुणी? नवजात बाळाचं जीजीटी मोठ्यांच्या कितीतरी पट असू शकतं, पुढे काही महिन्यांत आपोआप उतरतं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या हाडांतूनही येतं. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल, जन्मताना गुदमरलं असेल किंवा शिरेतून पोषण चालू असेल, तर हिशोब आणखी वेगळा. ओल्या बाळंतिणीला हे कोण सांगणार?

पंधरवडा उलटूनही कावीळ उतरेना म्हणून ही तपासणी होती. अशा वेळी आधी बघायचं ते डायरेक्ट बिलीरुबिन, म्हणजे लिव्हरने प्रक्रिया करून पित्तात सोडायचं बिलीरुबिन. ते 0.4, म्हणजे छान, पण दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. ते वाढलेलं असतं आणि शी पांढुरकी असती, तर पित्तनलिका बंद असल्याची शंका घेऊन धावावं लागलं असतं. ते ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालेलं बरं. आमच्या नातबाईंची शी मोहरीसारखी पिवळीधम्मक.

फोन केला तर "मॅडम, सिस्टीममध्ये तीच रेंज येते." बरं, मग सिस्टीम बदला.

पैसे रास्त, वेळ पाळली. बोलवायचं असेल तर त्याच मुलाला मागून घ्या आणि रिपोर्ट आधी बालरोगतज्ज्ञांना पाठवायला सांगा, बाळाच्या आईला नको.