अडकित्ता सासऱ्यांचा होता

दादा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा ते मिरजेत होते आणि मी इथे इंग्लंडात, रेडिंगला. एप्रिल २०२१, जाणं शक्यच नव्हतं. भावाने अंत्यविधी व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवला, तोही मध्येच अडकला. पुढे मी जे केलं ते का केलं, हे आता वेगळं सांगायला नको.

इंग्लंडात स्पिरिच्युअलिस्ट चर्च असतात. रविवारी प्रार्थना होते, दोन-तीन गाणी होतात आणि मग एक मीडियम उभा राहून लोकांना त्यांच्या गेलेल्या माणसांचे निरोप सांगतो. आपल्याकडच्या अंगात येण्याशी याचा काही संबंध नाही. कार्डिगन घातलेल्या आज्या, चहा, बिस्किटं असा सगळा मामला. मीडियम घडतो तो 'सर्कल'मध्ये. आठवड्यातून एकदा सात-आठ जण गोल बसतात, डोळे मिटतात, मनात येईल ते बोलतात आणि एखादा जुना मीडियम त्यांना सुधारत राहतो. हे वर्षानुवर्षं चालतं. एसेक्समधल्या स्टॅनस्टेड हॉलमध्ये तर १९६४ पासून यांचं निवासी कॉलेजच आहे. माझा आता यातल्या कशावरच विश्वास नाही, पण चर्चमध्ये मला कुणी लुबाडलं नाही. दानपेटीत दोन-तीन पौंड टाकायचे, तेही मनात असेल तर.

लुबाडलं ते चहाच्या रांगेत भेटलेल्या एका बाईने. "तुझ्यात उपजत शक्ती आहे, सर्कलमध्ये दहा वर्षं कशाला घालवतेस?" म्हणाली. तिच्या घरी खाजगी वर्ग चालायचा. पाच पायऱ्या, शेवटी प्रमाणपत्र. प्रवेशाच्या अर्जात विचारलं होतं: कुणाशी संपर्क हवा आहे, ते कशाने गेले, काय करायचे. ग्रुपमध्ये घेण्यासाठी फेसबुकचं खातंही मागितलं. मी सगळं भरून दिलं. बँकेचं कर्ज काढताना आपण एवढं निमूटपणे लिहून देत नाही.

शिकवायची मात्र मन लावून. पहिल्या पायरीला बंद लिफाफ्यात कुणाची तरी वस्तू असायची, ती हातात धरून बोलायचं. माझ्या लिफाफ्यात घड्याळ निघालं. मी म्हणाले, "पाणी दिसतंय." समोरचा गृहस्थ उडालाच, त्याचे काका नौदलात होते! टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी मी आणखी आठ-नऊ गोष्टी बोलले होते. त्या कुणी मोजल्या नाहीत, मीही नाही.

मग नियम आले. प्रश्न विचारायचा नाही, विधान करायचं. नावाचं पहिलं अक्षर सांगून थांबायचं. छातीपाशी जड वाटतंय म्हणायचं (म्हातारपणी गेलेल्या किती माणसांना शेवटी छातीचं काहीच नसतं?). समोरचा 'नाही' म्हणाला तर मागे घ्यायचं नाही, "घरी जाऊन विचारा, कुणाला तरी आठवेल" म्हणायचं. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एकच मजकूर वाटला होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हे मी नंतर वाचलं.

तिसऱ्या पायरीला तिने माझ्यासाठी 'दादांना' आणलं. "ते हातात धातूचं काहीतरी दाखवतायत. पकडीसारखं. त्याने काहीतरी कातरतायत, आणि हसतायत." अडकित्ता! मी हमसून हमसून रडले. त्याच रात्री पुढच्या दोन पायऱ्यांचे पैसे भरले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता.

"अगं, अडकित्ता अप्पांचा. तुझे दादा सुपारी कुठे खायचे?"

खरंच. दादा गणिताचे मास्तर. वर्गात कुणाच्या तोंडात सुपारी दिसली तर बाहेर काढायचे. अडकित्ता होता माझ्या सासऱ्यांचा, पितळी, मोराचा, आणि दिवाळीत त्याचा फोटो मीच फेसबुकवर टाकला होता. खाली फक्त 'आठवणी' लिहिलं होतं, कुणाच्या ते नव्हतं.

आणि मी काय म्हणावं? "मग दोघं मिळून आले असतील."

नवरा पुसता पुसता थांबला. "आतापर्यंत किती दिलेस?"

दोन हजार सहाशे चाळीस पौंड, चौदा महिन्यांत. पण पैशांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं. ते तिने म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. चौदा महिने मी हेच शिकले होते.

वर्गात इतिहासही होता. ३१ मार्च १८४८, न्यूयॉर्क राज्यातलं हाइड्सव्हिल, फॉक्स बहिणींच्या घरातले टकटक आवाज: मेलेली माणसं त्यातून बोलतात असं त्या सांगायच्या, आणि या पंथाची सुरुवात तिथूनच मानतात. त्याच मॅगी फॉक्सने २१ ऑक्टोबर १८८८ ला न्यूयॉर्कमध्ये भर सभागृहात, ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढायचो, असं कबूल करून दाखवलं, ती तारीख आमच्या वहीत आली नाही. पुढच्या वर्षी तिने कबुली मागे घेतली, हेही खरं. पण दोन्ही सांगायला हवं होतं ना!

पैसे परत मागितले. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात 'केवळ मनोरंजनासाठी' छापलेलं होतं, ते तिने मला दाखवलं. फसव्या मीडियमांविरुद्धचा इथला १९५१ चा कायदा २००८ साली रद्द झाला, आता ग्राहक संरक्षणाच्या नियमांत बसवून तक्रार करावी लागते. मी ती केली आहे, अजून काही हाती लागलेलं नाही. पैसे बँकेतून थेट पाठवले होते, तीही चूकच. क्रेडिट कार्डाने शंभर पौंडांवरची फी भरली असती तर १९७४ च्या कायद्याने कार्ड कंपनीकडे तरी दाद मागता आली असती.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. तिसऱ्या पायरीला सरावासाठी बाहेरची माणसं बोलावायचे. माझ्यासमोर एक विधवा बाई बसली होती, सत्तरीची. मी अक्षर सांगितलं, छाती सांगितली, "ते म्हणतायत, तुम्ही शेवटी तिथे नव्हतात त्याचा राग नाही" हेही सांगितलं. हे शेवटचं कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे. तिने माझा हात धरून ठेवला होता. वर्ग सोडल्यावर मी तिला फोन केला आणि सांगितलं की मला काही दिसलं नव्हतं, ऐकू आलं नव्हतं, माफ करा.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण छातीचं तर बरोबर होतं." आणि पुढच्या महिन्यात मला कधी वेळ आहे ते विचारलं.