तोस्कानिनी की अबादो?

आर्तुरो तोस्कानिनी (१८६७–१९५७) आणि क्लाउदिओ अबादो (१९३३–२०१४), दोघेही इटालियन वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर), दोघेही मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचे संगीत-संचालक. नाव जास्त कुणाचं टिकेल? माझ्या मते तोस्कानिनींचं. १८८७ मध्ये संगीतकार वेर्दींच्या 'ओतेल्लो' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात ते चेलो वाजवत होते. १८९६ मध्ये संगीतकार पुच्चिनींच्या 'ला बोएम' या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यांनीच संचालित केला. शिवाय १९३१ साली इटलीतल्या बोलोन्यात फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला, मार खाल्ला, पण वाकले नाहीत. हा माणूस विसरला जाणं कठीणच!

त्यांच्या एनबीसी या अमेरिकन रेडिओ-कंपनीच्या वाद्यवृंदासोबतच्या ध्वनिमुद्रणांचा आवाज मात्र कोरडा, कानाला खुपणारा. ऐकण्याच्या सुखात अबादो सरस. संगीतकार माहलर ऐकायचा तर अबादोंनी संचालित केलेलाच. त्यांनी घडवलेले तरुणांचे वाद्यवृंद आजही वाजताहेत.