क्यू चॉकवरचे घरगुती प्रयोग : विकतची वडी आणि खलबत्त्यातला भुगा

क्यूच्या, म्हणजे पूल-स्नूकरच्या काठीच्या, टिपला (टोकावरच्या चामड्याच्या चकतीला) लावायचे चॉक घरी काही प्रक्रिया करून सुधारता येते का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘सुकवण्यापुरते येते, त्यापलीकडे नाही’ असे आहे. पूल आणि स्नूकर खेळणाऱ्या मंडळींत चॉक भाजणे, कुटून नव्याने थापणे, त्यात मेण किंवा राळ मिसळणे असे उपाय मोठ्या खात्रीने सांगितले जातात. ते सगळे मी मास्टर या छापाच्या निळ्या, ट्रँगल या छापाच्या हिरव्या आणि सुट्या मिळणाऱ्या बिननावाच्या वड्यांवर करून पाहिले, तेव्हा हे परीक्षण जितके त्या वड्यांचे आहे तितकेच त्या उपायांचेही आहे.

आधी चॉक नेमके काय करते ते पाहायला हवे. अमेरिकेतील बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये ज्या मिश्रणाचे पेटंट घेतले त्यात फळ्यावरच्या खडूची पूड नव्हती. सिलिका आणि कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, हे त्याचे मुख्य घटक होते, आणि आजची बहुतेक चॉक त्याच वळणाची आहेत. या पुडीचे टोकदार कण एका बाजूने चामड्याच्या टिपमध्ये रुततात आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत चेंडूला पकडतात. नीट चॉक लावलेल्या टिपने, फिरकी देण्यासाठी, चेंडूच्या मध्यापासून सुमारे अर्ध्या त्रिज्येएवढे बाजूला न घसरता मारता येते. पूलच्या ५७.१५ मिलिमीटर व्यासाच्या चेंडूवर हे अंतर जेमतेम १४ मिलिमीटर भरते. तेथे पृष्ठभागाचा कल ३० अंशांचा होतो आणि टिप टिकून राहायला ०.५८ च्या आसपास घर्षणांक लागतो. साधे, बरे चॉक एवढे घर्षण देतेच, त्यामुळे घरगुती मिश्रणाला सरस ठरायचे असेल तर त्याला ही मर्यादा ओलांडून दाखवावी लागेल.

ती ओलांडली जाते का हे तपासायला पट्ट्याचा चेंडू फार उपयोगी पडतो. पट्टा उभा ठेवून त्याच चेंडूला टिपने मारले की निळा ठिपका कोठे उमटला ते लगेच दिसते, आणि पट्ट्याची कड साधारण मिसक्यूच्या, म्हणजे टिप चेंडूवरून घसरण्याच्या, सीमेवरच येत असल्यामुळे वेगळे मोजमाप करावे लागत नाही. माझ्या टेबलावर कोणतेही घरगुती चॉक विकतच्या चॉकच्या पुढे गेले नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील निवृत्त प्राध्यापक डेव्हिड अल्सिअटोर यांच्या तुलनांतही हेच दिसते की, नीट लावल्यास निरनिराळ्या चॉकमुळे मिळणाऱ्या फिरकीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चॉक टिपवर किती वेळ टिकते आणि किती सांडते यात.

सुकवण्याचा उपाय मात्र मुंबई-कोकणाकडच्या खेळाडूंनी अवश्य करावा. जुलै-ऑगस्टमध्ये क्लबातली वडी दमट हवेने सर्दावते, तिच्या खळग्यात चकचकीत कातडी धरते आणि मग टिप कितीही फिरवली तरी रंग लागतो, पूड लागत नाही. अशी वडी कागद न काढता ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ६० अंशांच्या आसपास तासभर ठेवावी, गार झाल्यावर खळग्यावरून पॉलिश पेपर हलकेच फिरवावा आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी. एवढ्याने मास्टरची वडी पुन्हा कोरडी, खरखरीत लागू लागते. ‘भाजण्याच्या’ नादाने उष्णता वाढवली तर काहीच साधत नाही, उलट कडा भुरभुरून पडतात. ज्या बिननावाच्या वडीत मुळातच पूड कमी आणि भरताड जास्त आहे, तिला ऊन दाखवा की ओव्हन, ती सुकी आणि तितकीच निरुपयोगी राहते.

कुटून नव्याने वडी पाडणे हा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा प्रयोग आहे. खलबत्त्यात कुटलेली पूड वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवली आणि साच्यात दाबून वाळवली, तर वडी दिसायला सुबक होते. डिंक थोडा जास्त झाला की ती दगडासारखी होते आणि चामड्यावर नुसती घसरते. कमी झाला की पहिल्याच फिरवण्यात तिचा कोपरा हातात येतो. या दोन टोकांच्या मधली जागा फारच अरुंद आहे, आणि ती सापडली तरी डिंकाचा थर कणांच्या धारदार कडा झाकून टाकतो, म्हणजे ज्या गुणासाठी पूड वापरायची तोच मारला जातो. शिवाय सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. हे काम करायचेच असेल तर उघड्यावर आणि तोंडावर मास्क बांधून करावे, आणि घरच्या मिक्सरचे भांडे त्याला कदापि लावू नये, कारण पूर्वीच्या काही चॉकमध्ये शिसे आढळलेले आहे.

मेणाचे काही थेंब मुरवलेली वडी टिपला छान चिकटते आणि दोन-चार फटके पुन्हा चॉक लावावे लागत नाही, म्हणून पहिल्या फ्रेमला (डावाला) ती सर्वांनाच आवडते. पुढे मेण टिपच्या छिद्रांत बसते, चामडे तुकतुकीत होते आणि टिप घासून काढावी लागते. राळेची पूड मिसळल्यास पकड चांगली वाटते, पण चेंडूवर चिकट ठिपके राहतात, ते सुक्या फडक्याने निघत नाहीत आणि टेबलाच्या कापडावरचा धुरळा गोळा करतात. पांढऱ्या चेंडूवर चॉकचा ठिपका असताना तोच भाग दुसऱ्या चेंडूवर आदळला की तेथे घर्षण वाढते आणि दुसरा चेंडू अपेक्षेपेक्षा जाड, म्हणजे टोला अधिक समोरून बसल्यासारखा, जातो. स्नूकरमध्ये याला किक म्हणतात. राळेचे चॉक म्हणजे किकला दिलेले आमंत्रणच आहे. क्लबच्या टेबलावर असले काही लावण्याआधी मार्करला (टेबल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारावे, कारण कापड बदलण्याचा खर्च आपल्या चॉकच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा असतो.

कमी सांडणारे आणि कमी डाग सोडणारे चॉक हवे, अशी ज्यांची खरी इच्छा आहे, त्यांना ते तयार मिळते. फिनलंडच्या ताओम या कंपनीचे चॉक टिपवर पातळ बसते, टेबलावर जवळजवळ पडत नाही आणि चेंडूवरचा ठिपका चटकन पुसला जातो. त्या एका वडीच्या पैशांत ट्रँगलची डझनाची पेटी येऊन वर काही उरते, आणि ती लावताना क्यू जोरात गरगर फिरवण्याची आपली सवयही सोडावी लागते. हलक्या हाताने, कुंचल्याने रंगवल्यासारखी ती फिरवायची असते. आठवड्यातून एखादा दिवस पूल पार्लरमध्ये जाणाऱ्याने हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. स्नूकर गंभीरपणे खेळणाऱ्याने मात्र घरात राळ वितळवत बसण्यापेक्षा तो करावा.

रोजच्या खेळासाठी मी ट्रँगलला पहिली पसंती देईन. तिची पूड बारीक असून टिपवर सारखी पसरते, आणि स्नूकरच्या हिरव्या कापडावर तिचे डाग उठून दिसत नाहीत. पूलच्या निळ्या कापडावर मास्टरची निळी वडी बरी. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार खेळाडूला स्वतःचे चॉक आणता येते, मात्र त्याचा रंग कापडाशी जुळता असावा लागतो. गेरू घालून लाल केलेल्या वड्या काही हौशी लोक मिरवतात, त्या या अटीतच अडकतील.