‘बॅटरी नवीन टाकलीय’ म्हणून विकलेली एमराल्ड

गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या जुन्या गेमयंत्राची पोकेमॉन एमराल्ड ही गेम कॅसेट घ्यायच्या विचारात असाल आणि विकणारा म्हणाला, ‘बॅटरी नवीन टाकलीय, सेव्हचं टेन्शन नाही’, तर व्यवहार तिथेच थांबवा. हेच ऐकवून माझ्या गळ्यात साडेपाच हजारांना नकली कॅसेट मारली गेली.

एमराल्डमध्ये बॅटरी असते हे खरं, पण ती फक्त गेममधलं घड्याळ चालवते. सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला त्याची नोंद, फ्लॅश मेमरीत जातो, त्याला बॅटरी लागतच नाही. गेम जपानात २००४ साली आला, अमेरिकेत २००५ मध्ये. एवढ्या वर्षांत मूळ बॅटरी बहुतेक कॅसेटींमध्ये संपलेलीच असते, आणि अस्सल कॅसेट सुरू होताना तसं स्वच्छ सांगते: बॅटरी संपली आहे, खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. म्हणजे गेममध्ये लावलेली बेरीची झाडं वाढत नाहीत, असं काहीबाही. ज्या एमराल्डचा सेव्ह बॅटरीवर टिकतो, ती कुणीतरी स्वस्तातल्या चिपवर उतरवलेली नक्कल.

विकणारा बोलायला अगदी आपुलकीचा. ‘दादा, भावाची आहे, तो बाहेर गेलाय, जपणाऱ्या माणसाकडेच द्यायचीय.’ फोटो पाठवले ते अस्सल कॅसेटचे, कुरिअरने आली ती दुसरीच. फोटोतल्या लेबलवर उजवीकडे ठसा मारल्यासारखा दोन आकडी नंबर आहे. शाईने छापलेला नव्हे, कागदात दाबलेला. लेबल उजेडात तिरकं धरलं की दिसतो. माझ्या हातात आलेलं लेबल सपाट, गुळगुळीत. पिनांच्या बाजूने आत बघितलं तर अस्सल बोर्डावर पिनांच्या वर निन्टेन्डोचं नाव वाचता येतं. इथे नुसता हिरवा बोर्ड.

गेम मात्र सुरळीत चालत होता. नक्कल अशीच असते, सुरुवातीला काहीच कळू देत नाही. गेमच्या शेवटच्या लढाईत एलिट फोरला हरवलं, विजेत्यांचं हॉल ऑफ फेम आलं, श्रेयनामावली सरकली आणि स्क्रीन पांढरी पडली. पुन्हा चालू केलं तर मी लढाईच्या आधीच्या सेव्हवर. मग कॅसेट मित्राच्या डीएस लाइटमध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या नंतरच्या गेमयंत्रात, पोकेमॉन पर्ल या नंतरच्या गेमसोबत घालून पाहिली. अस्सल असती तर पर्लच्या मेनूत एमराल्डमधून पोकेमॉन आणायचा पर्याय आला असता. तो आलाच नाही.

आपल्याकडे हे खपतं त्याला कारण आहे. लहानपणी घरोघरी असलेला टीव्ही गेम ही मुळात १९८३ च्या फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राची नक्कल, आणि ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये तेच मोजके गेम फिरून फिरून यायचे. अस्सल कॅसेट हाताळलेली माणसं आपल्यात कमीच. पण ती नक्कल नकलेच्याच भावात मिळायची, आणि तिच्यावर माझं आजही प्रेम आहे. अस्सल म्हणून सांगून हजारो रुपये उकळणं ही सरळ चोरी आहे.

त्याच माणसाने मला एसपी, म्हणजे गेम बॉय ॲडव्हान्सचं घडी होणारं मॉडेलसुद्धा देऊ केलं होतं, जास्त उजळ स्क्रीनचं ‘१०१ मॉडेल’ म्हणून. मागचं स्टिकर कुणीही बदलू शकतं, तेव्हा ब्राइटनेसचं बटण दाबून बघा. १०१ मध्ये उजेड कमी-जास्त होतो, बंद होत नाही. पूर्ण बंद होत असेल तर ते आधीचं ००१ मॉडेल.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं, ‘इतके दिवस चालली ना?’ आणि नंबर ब्लॉक. मी १९३० वर सायबर तक्रार नोंदवली आहे. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्याने पाठवलेले फोटो आणि आलेल्या कॅसेटचे फोटो, सगळं जपून ठेवलंय. तुम्ही निदान पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर कॅसेट उजेडात तिरकी करून दाखवायला लावा, आणि पिनांची बाजूही.

माझ्या वेळचाच फोटो आता वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलाय: निळी चौकड्यांची चादर, त्यावर हिरवी कॅसेट, लेबलच्या डाव्या कोपऱ्यात बारीक चरा. तो दिसला तर पैसे पाठवू नका.