नवा टोचलेला कान: हळद-तेल की मिठाचं पाणी?

दोन्ही मी स्वतःच्या कानावर करून पाहिलंय. भिकबाळीसाठी उजव्या कानाचा वरचा भाग टोचून घेतला, आणि पहिले पंधरा दिवस आईच्या सांगण्यावरून खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली. मग मिठाच्या पाण्यावर आलो. पुढे लेकीच्या पाळ्या टोचल्या, तेव्हा पहिल्या दिवसापासून मिठाचं पाणीच.

हळद-तेल घरात असतं, झोंबत नाही. बाळाचे कान टोचल्यावर तेच लावायचं, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. पाळीतली बारीक सोन्याची तार असेल तर बहुतेकांचं त्यावर निभावतंही. त्यामुळे कुणाच्या आजीशी यावरून वाद घाला असं मी म्हणणार नाही.

माझं अडलं ते रंगापाशी. टोचलेल्या जागेतून सुरुवातीला पांढुरकी लस येते आणि वाळून तारेवर खपली धरते. ते बरं होण्याचंच लक्षण. दाट, पिवळा-हिरवट पू आला, कान गरम लागून ठणकू लागला, तर मात्र गोष्ट वेगळी. बाराव्या दिवशी माझा कान ठणकायला लागला. दोन आरसे धरून पाहतोय, तर सगळं पिवळंच. यात हळद कुठली आणि पू कुठला? आई म्हणाली, "हळदच आहे रे ती, अजून थोडी लाव." लावली. तेलावर धूळ बसली, केस चिकटले, आणि हेल्मेट काढताना तो सगळा थर तारेसकट ओढला गेला. डॉक्टरांनी पुसून काढला, तेव्हा खाली पू होता. वेळेवर दिसला असता तर तीन दिवस आधीच गेलो असतो.

वरच्या भागात हा उशीर परवडत नाही. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरच्या भागात मात्र कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक हाड असतं. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि तिथे जंतुसंसर्ग मुरला तर कानाचा आकारच बिघडू शकतो.

मिठाच्या पाण्याला कंटाळा येतो, हे खरं. कपभर पाणी उकळून कोमट करा, त्यात छोटा पाव चमचा साधं मीठ घाला, तेही रोज ताजं. मीठ जास्त झालं की कातडी कोरडी पडते. केमिस्टकडचं ०.९ टक्क्यांचं सलाईन त्यापेक्षा सोयीचं. गॉज भिजवून दोन-चार मिनिटं नुसता धरायचा, खपली आपोआप सुटते. कापूस नको, त्याचा तंतू तारेत अडकतो. दिवसातून दोनदा पुरे. आणि कान उघडा, स्वच्छ दिसतो, माझ्या लेखी याहून मोठं काही नाही.

काहीही निवडलंत तरी तार फिरवत बसू नका, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका. पू दिसला तर तार स्वतः काढू नका, भोक वरून बुजतं आणि पू आत कोंडतो. डॉक्टरांनाच दाखवा.

लेकीच्या पाळ्या दोन महिन्यांत छान भरल्या. आता डूल घालताना आई त्यांना तेलाचं बोट लावते, हळदीशिवाय. जागा भरल्यावर त्याला माझी काहीच हरकत नाही.