तीच चाल, दुसरा गळा

गणपतीत वाडीतल्या स्पीकरवर एकच कोळीगीत दोनदा लागतं. आधी जुनी रेकॉर्ड, मग कुणा पोराचं गिटारवरचं कव्हर. शब्द तेच, चालही तीच. बदलतो गळा, वाद्यमेळ आणि लय. जुन्यात ढोलकी गाणं पुढे रेटते. नव्यात लय निम्म्यावर येते, ढोलकी गायब, आणि वल्हवणाऱ्याचं गाणं विरहगीत होऊन बसतं. काहींना आवडतं. मला होडी गाळात रुतल्यागत वाटते.

कॉपीराइट कायद्याने शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे. कव्हरवाल्याचं फक्त ध्वनिमुद्रण स्वतःचं. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हक्कधारकाने परवाना दिला नसला तरी कव्हर करता येतं. पण मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर ५ वर्षं थांबायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची आणि हे कव्हर आहे असं वेष्टनावर छापायचं.

सिंधुदुर्गातल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, मात्र तिसराच प्रकार. बुवा सिनेमाची चाल उचलतो, तिच्यावर विठ्ठलाचे शब्द चढवतो, पखवाज-झांजा मागून तुटून पडतात. हे कव्हर नव्हे, मूळही नव्हे. पण त्या गिटारवाल्यापेक्षा बुवाने गाण्यात जास्त भर घातली, असं मी तरी म्हणेन.